वरची मर्यादा छापलेली, खालची नाही

एनटी-प्रोबीएनपी नावाची एक रक्ततपासणी आता तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्येही होऊ लागली आहे. रिपोर्टवर तिच्यासमोर सहसा एकच मर्यादा छापलेली असते: १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी. हिमोग्लोबिनला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा असतात, सोडियमला असतात, थायरॉईडलाही असतात. इथे खालची मर्यादाच नाही. आकडा १४० आला तर तो ठळक छापून येतो, शेजारी वर जाणारा बाण असतो; १२ आला तर कसलीच खूण नाही. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर भाच्याला जातो आणि तोही लिहितो, ‘एकदम नॉर्मल आहे, मामा.’

भाच्याचं काही चुकलेलं नाही. हृदयावर ताण आहे का, एवढंच विचारायचं असेल तर कमी आकडा ही चांगली बातमी. पण हृदयाचा कुठलाही आजार नसलेल्या हजारो माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, तेव्हा निराळंच दिसलं. ज्यांचा हा आकडा सगळ्यांत कमी होता, त्यांच्यात पुढे मधुमेह जास्त निघाला. आणि मधुमेह एकदा जडला की हाच आकडा वाढणं धोक्याचं ठरतं. म्हणजे आजाराच्या अलीकडे कमी वाईट, पलीकडे जास्त वाईट. हे नीट कळायला हा पदार्थ हृदयात तयारच का होतो, इथून सुरुवात करावी लागते.

हृदय म्हणजे पंप, हे आपण शाळेत शिकतो आणि तिथेच थांबतो. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पेशी पाहताना त्यांत बारीक गडद कण दिसले होते. स्वादुपिंडात किंवा पिट्युटरीत असे कण दिसले असते तर कुणाला नवल वाटलं नसतं, संप्रेरक साठवणाऱ्या पेशींत ते असतातच. पंपाला ते कशाला हवेत? त्याच सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगात आढळलं होतं, की हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात छोटा फुगा फुगवला तर कुत्र्याला लघवी जास्त होते. ही दोन निरीक्षणं एकमेकांशी जोडायला पंचवीस वर्षं जावी लागली.

मूळचे अर्जेंटिनाचे अदोल्फो दे बोल्ड कॅनडातल्या किंग्स्टन शहरात त्या कणांच्या मागे लागले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाचे वरचे कप्पे वाटून अर्क काढला आणि तो दुसऱ्या उंदरांना शिरेतून टोचला. काही मिनिटांत लघवी दसपट झाली आणि तिच्यातून बाहेर पडणारं सोडियम तिसपटीहून जास्त. खालच्या कप्प्यांचा अर्क टोचला तर असं काही घडलं नाही. १९८१ साली हा निबंध छापून आला आणि हृदयाची गणना ग्रंथींमध्येही होऊ लागली. रक्ताचं आकारमान वाढून कप्पे ताणले गेले की हृदय आपणहून मूत्रपिंडाला कळवतं: मीठ टाक, पाणी टाक. रक्तवाहिन्यांनाही ते सैल करतं. त्या निरोप्यांतला पहिला म्हणजे एएनपी. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना त्याचा भाऊबंद डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून त्याला मेंदूवरून बीएनपी म्हणू लागले. त्याचं मुख्य उत्पादन हृदयाच्या खालच्या कप्प्यांत होतं हे मागाहून कळलं, पण तोवर नाव चिकटलं होतं.

खालचे कप्पे ताणले गेले की त्यांच्या पेशी १०८ अमिनो आम्लांची एक साखळी बनवतात आणि ती तुटून तिचे दोन भाग होतात. ३२ चा भाग म्हणजे बीएनपी, प्रत्यक्ष काम करणारा. उरलेला ७६ चा भाग म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. त्याला स्वतःचं काही काम नाही. पण बीएनपी वीसेक मिनिटांत निम्मा होतो आणि हा तास-दोन तास टिकतो, त्यामुळे मोजायला सोपा. २००२ मध्ये धाप लागून इस्पितळात आलेल्या १,५८६ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दम फुफ्फुसामुळे लागतोय की हृदयामुळे, हे बीएनपीच्या एका रक्ततपासणीवरून बऱ्यापैकी ठरवता येतं असं त्यात दिसलं आणि ही तपासणी जगभर रूढ झाली. आकडा जास्त म्हणजे हृदय थकलंय, हे समीकरण डॉक्टरांच्या डोक्यात बसलं ते तेव्हापासून. समीकरण बरोबर आहे, अपुरं मात्र आहे.

ते अपुरं असल्याची पहिली मोठी चाहूल २००४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून लागली. हार्ट फेल्युअर नसलेल्या ३,३८९ जणांचं बीएनपी मोजलं होतं. सडपातळ पुरुषांची सरासरी २१.४ पिकोग्रॅम आली, थोडं वजन वाढलेल्यांची १५.५ आणि लठ्ठ पुरुषांची १२.७. बायकांमध्येही अशीच उतरण. हिशेबानं हे उलट व्हायला हवं होतं. लठ्ठ माणसाच्या शरीरात रक्त जास्त, बहुधा रक्तदाबही जास्त, हृदयाला काम जास्त. मग मीठ-पाणी बाहेर टाकायला सांगणारा निरोप जास्त जायला हवा. तो कमी जात होता.

याचं उत्तर चरबीत आहे, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग हाच. फ्रान्समधल्या तुलूज शहरातल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं, की हृदयाचे हे निरोपे माणसाच्या चरबीच्या पेशींवर थेट परिणाम करतात. पेशीतली साठवलेली चरबी त्यांच्यामुळे फुटते आणि इंधन म्हणून रक्तात येते. हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण प्रयोगशाळेतले उंदीर. चरबीच्या पेशीवर या निरोप्यांसाठी दोन तऱ्हेचे रिसेप्टर असतात. एक निरोप ऐकून कामाला लागतो, दुसरा निरोप्यालाच गिळून टाकतो. उंदरांच्या चरबीत गिळणारे रिसेप्टर इतके जास्त असतात की ऐकणाऱ्यांपर्यंत फारसं काही पोचतच नाही. ज्या उंदरांनी हा संप्रेरक दाखवून दिला, त्यांच्याच चरबीनं त्याचं दुसरं काम जवळजवळ वीस वर्षं लपवून ठेवलं.

लठ्ठ माणसाच्या चरबीतही हे गिळणारे रिसेप्टर वाढलेले असतात आणि रक्तातलं इन्सुलिन चढं राहिलं की त्यांना आणखी चालना मिळते. पण सगळा दोष गिळण्यावर टाकता येत नाही. एनटी-प्रोबीएनपी त्या रिसेप्टरमधून जात नाही, तरीही तो लठ्ठ माणसांत कमीच आढळतो. अर्थात हृदयातलं उत्पादनही घटलेलं असतं. २०१२ मध्ये आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. या निरोप्यांमुळे चरबीच्या काही पेशी साठवण सोडून उष्णता निर्माण करायला लागतात, आणि स्नायूंची चरबी जाळण्याची कुवत वाढते. स्नायूंत आणि यकृतात अडकून पडलेली चरबी हीच इन्सुलिनला दाद न देण्याचं एक मोठं कारण असते. तेव्हा चित्र साधारण असं दिसतं: पोट सुटतं, इन्सुलिन वाढतं, हृदयाचे निरोपे घटतात, चरबी जाळण्याचा एक मार्ग अरुंद होतो, आणि साखर हळूहळू वर सरकू लागते. मीठही शरीरात अडून राहतं, त्यामुळे लठ्ठपणा, रक्तदाब आणि मधुमेह एकाच घरात राहायला येतात त्यामागे हाही एक धागा आहे.

आता लोकसंख्येवरचे अभ्यास. अमेरिकेत चार ठिकाणच्या रहिवाशांवर १९८७ पासून चालू असलेला एरिक नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यातल्या मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही नसलेल्या ७,८२२ जणांचं एनटी-प्रोबीएनपी मोजून पुढे सुमारे बारा वर्षं त्यांची विचारपूस होत राहिली. १,७४० जणांना मधुमेह झाला. वय, वजन वगैरेंचा हिशेब बाजूला काढल्यावरही, आकडा सर्वांत जास्त असलेल्या पाव गटाला मधुमेहाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पाव गटापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होता. हा निष्कर्ष २०१३ चा. त्याच्या आदल्या वर्षी स्वीडनच्या माल्मो शहरातल्या अभ्यासात एएनपीबद्दल असंच आढळलं होतं.

इथे शंका काढायलाच हवी. आकडा कमी म्हणून मधुमेह झाला, की मधुमेहाकडे निघालेल्या शरीराची पहिली सावली म्हणून आकडा कमी झाला? वजनाचा हिशेब बाजूला काढला असं कागदावर म्हणता येतं, पण पोटाच्या आतली चरबी वजनकाट्यावर दिसत नाही. या पेचातून वाट काढायला जनुकांचा आधार घेतात. काही माणसांत बीएनपीच्या जनुकाशेजारी एक बारीकसा फरक जन्मतःच असतो आणि त्यामुळे त्यांच्यात बीएनपी आयुष्यभर थोडा जास्त बनतो. हा फरक कुणाच्या वाट्याला यावा हे आईबापांच्या जनुकांच्या वाटपात ठरतं. माणूस पुढे वडापाव खातो की ज्वारीची भाकरी, याच्याशी त्याचा संबंध नसतो. २०११ मध्ये मधुमेही आणि बिनमधुमेही अशा हजारो लोकांमध्ये हा फरक तपासला गेला. तो ज्यांच्यात होता त्यांच्यात मधुमेह कमी निघाला, पण फरक असलेल्या जनुकाच्या प्रत्येक प्रतीमागे जेमतेम सहा टक्के. म्हणजे कार्यकारण आहे असं मानायला जागा आहे, पण ते लहान आहे. वृत्तपत्रांतून ‘हृदयाच्या तपासणीतून मधुमेहाचं भाकीत’ असे मथळे येतात तेव्हा हे सहा टक्के आठवावेत.

औषधांकडूनही थोडी साक्ष मिळते. सॅक्युबिट्रिल आणि व्हालसार्टन यांची एकत्र गोळी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना आता सर्रास दिली जाते. तिच्यातलं सॅक्युबिट्रिल हे बीएनपीसारखे निरोपे मोडणाऱ्या एका विकराला अडवतं. या गोळीची मोठी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या मधुमेही रुग्णांचे आकडे २०१७ मध्ये स्वतंत्रपणे पाहिले, तेव्हा जुन्या एनालाप्रिलच्या तुलनेत या गोळीवर असलेल्यांचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) थोडं जास्त उतरलेलं दिसलं आणि नव्यानं इन्सुलिन सुरू करावं लागलेल्यांचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी. पण तो विकर इतरही अनेक पदार्थ मोडतो, त्यात साखर आवरणाऱ्या आतड्यातल्या संप्रेरकांचाही समावेश आहे, त्यामुळे सगळं श्रेय बीएनपीला देणं घाईचं. आणि ही गोळी साखरेसाठी घ्यायची नसते, हेही सांगून ठेवतो. आपल्याकडे शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालते का हे विचारणारे कमी नाहीत.

इथवर कमी आकड्याचा विचार झाला. मधुमेह झाल्यावर पारडं फिरतं.

मधुमेहाचा हृदयाशी संबंध म्हटला की लोकांना ब्लॉकेज आणि अँजिओप्लास्टी आठवते. पण १९७४ मध्येच फ्रेमिंगहॅमच्या नोंदींतून दिसलं होतं, की मधुमेही पुरुषांना हार्ट फेल्युअर होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आणि मधुमेही स्त्रियांना पाचपट असतं. रक्तवाहिन्या मोकळ्या असल्या तरीही हृदयाचा स्नायू ताठर होत जातो, त्याला सैल व्हायला वेळ लागतो, बारीक केशवाहिन्या खराब होतात. माणूस म्हणतो, वय झालं, जिना चढताना धाप लागायचीच. पायांवर संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो, तो उभं राहिल्यानं असेल म्हणून सोडून दिला जातो. या टप्प्यावर रक्तातला आकडा बोलायला लागलेला असतो.

एनटी-प्रोबीएनपीच्या जोडीला दुसरा आकडा ट्रोपोनिनचा. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, पेशीला इजा झाली की रक्तात गळतं. झटका आलाय का हे पाहायला ते पूर्वीपासून मोजतात. अतिसंवेदनशील चाचण्या आल्यावर त्याचं अगदी बारीक गळणंही पकडता येऊ लागलं. एरिक अभ्यासातल्याच नऊ हजारांहून अधिक लोकांमध्ये सहा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली. सुरुवातीला त्यांच्यात हृदयविकार नव्हता, ट्रोपोनिनही मर्यादेत होतं. साखर नॉर्मल असलेल्यांपैकी ३.७ टक्के लोकांत ते १४ नॅनोग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं, प्री-डायबिटीस असलेल्यांत ६.४ टक्के, आणि मधुमेह्यांत १०.८ टक्के. छातीत कळ नाही, घाम नाही, काही नाही. मधला आकडा लक्ष देऊन पाहण्याजोगा आहे. ‘बॉर्डरवर आहे, अजून झालेला नाही’ असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांच्या हृदयाची झीज सुरू झालेली असू शकते.

मग मधुमेह्यांत हे आकडे बघून आधीच उपचार वाढवले तर? व्हिएन्नाच्या संशोधकांनी हा प्रयोग केला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचं निदान न झालेले, पण एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या वर असलेले ३०० मधुमेही घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याशिवाय हृदय-क्लिनिकमध्ये बोलावून रक्तदाबाची ओळखीचीच औषधं पूर्ण मात्रेपर्यंत वाढवत नेली. दोन वर्षांत हृदयाच्या कारणानं इस्पितळात भरती किंवा मृत्यू यांचं प्रमाण दुसऱ्या गटात ६५ टक्क्यांनी कमी आलं. तीनशे ही संख्या लहान आहे आणि लहान प्रयोगांतले फरक मोठे दिसतात, हे धरूनही निकाल दुर्लक्षण्यासारखा नाही. २०२२ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं शिफारस केली, की प्रत्येक मधुमेह्यानं वर्षातून एकदा तरी बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी, नाहीतर अतिसंवेदनशील ट्रोपोनिन मोजून घ्यावं. आपल्याकडे डोळ्यांचा पडदा आणि पायांची तपासणीसुद्धा वर्षानुवर्षं राहून जाते, तेव्हा ही तिसरी तपासणी किती जण करतील ते दिसतंच आहे. साखरेच्या तपासणीपेक्षा ती कितीतरी महाग आहे, हेही कारण आहेच.

या दुहेरी वागण्यामुळे रिपोर्ट वाचताना माणूस समोर असावा लागतो. बहात्तर वर्षांच्या सडपातळ आजी, साखर नॉर्मल, आकडा १८०. वय वाढलं की हा आकडा आपसूक चढतो, स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा जास्तच असतो, मूत्रपिंड मंदावलं असेल किंवा नाडी अनियमित असेल तर आणखी वाढतो. डॉक्टर कदाचित एक इको करून थांबतील. उलट पंचेचाळीस वर्षांचा, पोट पट्ट्यावरून ओघळणारा, रात्री घोरणारा माणूस. त्याला चढावर दम लागतो आणि आकडा ९०. रिपोर्टवर कसलीच खूण नाही. पण लठ्ठपणात आकडा मुळातच दबलेला असतो, म्हणून अशांसाठी मर्यादा खाली आणावी असं तज्ज्ञ आता सांगतात. त्या नव्वदमध्ये हार्ट फेल्युअर दडलेलं असू शकतं. गंमत म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हाच आकडा वाढतो. साखर उतरते, रक्तदाब उतरतो, माणूस हलका होतो, आणि हृदयाच्या ‘ताणाचा’ आकडा वर जातो. ज्यानं कुणी हे पूर्वी वाचलेलं नाही, तो घाबरून जाईल.

आपल्या लोकांना याचा कितपत उपयोग? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी प्री-डायबिटीसवाले आहेत, आणि मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात, २६.४ टक्के. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की भारतीय शरीर वरून बारीक आणि आतून चरबीचं असतं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पाश्चात्त्य अभ्यासांतलं ‘वजनाचा हिशेब बाजूला काढल्यावर’ हे वाक्य आपल्या शरीरांना लावताना हा फोटो डोळ्यांपुढे ठेवावा.

माझ्या मते मधुमेह होणार का हे पाहायला कुणीही एनटी-प्रोबीएनपी करू नये. त्यासाठी कंबरेभोवतीची टेप, घरातला इतिहास आणि एचबीए१सी पुरेसं आहे, स्वस्तही आहे. मधुमेह झालेला असेल तर मात्र वर्षातून एकदा ती करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं, कारण आकडा चढलेला निघाला तर हाती काहीतरी आहे. डापाग्लिफ्लोझिन हे औषध साखर लघवीवाटे काढतं आणि हृदयालाही सांभाळतं. मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांतही त्यानं नव्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी घटवलं. भारतात २०२० मध्ये त्याचं पेटंट संपलं आणि अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्यानं किंमत घसरली.

तपासणी करणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. गेल्या वर्षी एक आणि यंदा दुसरी केली, तर फरक हृदयातला आहे की तपासणीतला हे कळणार नाही. सॅक्युबिट्रिलची गोळी चालू असेल तर बीएनपी त्या गोळीमुळेच वाढू शकतं, तेव्हा एनटी-प्रोबीएनपीच करून घ्यावं आणि लॅबच्या फॉर्मवर चालू औषधांची नावं लिहावीत.